मांडी धरलीय आणि ग्राउंड तोंडावर आलंय

प्रश्न: मॅडम, मी २२ वर्षांची आहे. बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहते आणि पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे पाचला आम्ही सात-आठ मुली तालुक्याच्या रस्त्यावर जमतो. अकॅडमीचे सर आल्या आल्या सगळ्यांना खाली बसवतात, पाय लांब करून कपाळ गुडघ्याला टेकवायला लावतात आणि जोडीदारीण पाठीवर रेलून दाब देते. मिनिट-दोन मिनिटं तसंच. मग लगेच १०० मीटरचे स्टार्ट. तीन आठवड्यांमागे असंच पळताना पंचवीस-तीस मीटरवर उजव्या मांडीत मागच्या बाजूने चटका बसला आणि मी लंगडत बाजूला झाले. आता चालताना काही होत नाही, जिनाही चढते, पण जोर लावला की तिथे ओढ लागते. सर म्हणतात, तुझं स्ट्रेचिंग कमी पडलं, अजून वाकत जा. आई रोज रात्री गरम तेलाने चोळते. चुलतभाऊ मागच्या भरतीला उतरला होता. तो म्हणतो, वॉर्मअप-बिर्मअपमध्ये दम घालवू नको, ग्राउंडच्या, म्हणजे १०० मीटर, ८०० मीटर आणि गोळाफेकीच्या मैदानी चाचणीच्या, दिवसासाठी सगळी ताकद राखून ठेव. ग्राउंड महिना-दीड महिन्यात लागेल असं सगळे म्हणतात. मी कुणाचं ऐकू?

उत्तर: तुझ्या पत्रातले "आल्या आल्या" हे दोन शब्द मला खटकले. पहाटेची वेळ, अंथरुणातून उठून अर्धा तासही झालेला नाही, थंडीचे दिवस असतील तर मराठवाड्यात पारा दहा-बारा अंशांवर. अशा गार अंगाला पहिलं काम काय, तर खाली बसून मांडीचा मागचा स्नायू ताणायचा, तोही दुसरीच्या वजनाने. आणि त्यावर थेट शंभर मीटर. स्ट्रेचिंग कमी पडलं म्हणून तुझी मांडी धरली असं मला वाटत नाही. ती गरम न करता ताणली आणि गरम न करताच पळवली, हे जास्त पटतं.

शंभर मीटर पळताना मांडीच्या मागच्या स्नायूचं नेमकं काय होतं ते समजून घे, म्हणजे बाकीचं सांगणं सोपं जाईल. पाय पुढे फेकला जातो तेव्हा नडगी वेगाने पुढे निघालेली असते. पाऊल जमिनीवर टेकायच्या क्षणभर आधी तिला लगाम घालायचं काम या स्नायूकडे असतं. म्हणजे त्या क्षणी तो लांबतही असतो आणि पूर्ण ताकदीने आवळलेलाही असतो. मांडी धरते ती बहुतेक वेळा इथेच, वेग चढत असताना. पंचवीस-तीस मीटरवर चटका बसला हे तू लिहिलंस, ते याच्याशी जुळतं.

स्नायू गरम असेल तर तो हे काम जास्त पटकन आणि जास्त जोराने करतो. त्याचं तापमान एका अंशाने वाढलं की जोर आणि वेग साधारण २ ते ५ टक्क्यांनी वाढतो, असं अनेक प्रयोगांत दिसलेलं आहे. मेंदूचा निरोप स्नायूपर्यंत लवकर पोहोचतो, रक्त जास्त येतं, आणि सांध्यातलं वंगण पातळ होतं. थंडीत बाटलीत गोठलेलं खोबरेल तेल उन्हात ठेवल्यावर जसं सुटतं, काहीसं तसंच. हे सगळं हालचालीने होतं. एका जागी बसून पाय ताणून धरल्याने स्नायू जेमतेम लांबतो, गरम होत नाही. आपल्याकडे शाळेच्या मैदानापासून या दोन गोष्टींची गल्लत होत आली आहे. शिट्टी वाजली की वाका, अंगठे धरा, दहा आकडे मोजा, झाला वॉर्मअप!

ताणून धरल्याने दुखापत टळते का, हे सैनिकांवर तपासून झालंय, म्हणून तुला मुद्दाम सांगते. ऑस्ट्रेलियाच्या सैन्यात नव्याने भरती झालेल्या पंधराशेहून जास्त जवानांचे दोन गट केले होते. वॉर्मअप दोन्ही गट करत होते. एका गटाने त्यात पायांच्या मुख्य स्नायूंचं ताणणं जोडलं, दुसऱ्याने जोडलं नाही. बारा आठवड्यांचं प्रशिक्षण संपल्यावर दोन्ही गटांतल्या दुखापतींत म्हणण्यासारखा फरक नव्हता. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. दुसऱ्या दिवशी अंग दुखण्याचंही तसंच, स्ट्रेचिंगने ते नावापुरतंच कमी होतं. उलट एकच स्नायू मिनिटभर किंवा त्याहून जास्त वेळ ताणून धरला आणि लगेच पळायला गेलं, तर त्याचा जोर थोडा वेळ उतरतो. अर्ध्या मिनिटाच्या आतल्या ताणाने तेवढं काही बिघडत नाही. तुमच्याकडे दोन-दोन मिनिटं दाब देतात आणि लगेच स्टार्ट घेतात. म्हणजे ज्या स्नायूच्या भरवशावर शंभर मीटरचे गुण मिळवायचे, त्यालाच आधी मंद करून ठेवायचं.

पाठीवरच्या त्या दाबाबद्दल आणखी एक. रात्रभर आडवं झोपल्यावर कमरेच्या मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात. उठल्यावर पहिला तासभर पुढे वाकलं की त्यांच्यावर एरवीपेक्षा बराच जास्त ताण येतो. त्या वेळी कपाळ गुडघ्याला टेकवायचा हट्ट, वर मैत्रिणीचं वजन! आज मांडीवर भागलं, उद्या कमरेत उसण भरली तर महिनाभर गोळाही उचलता येणार नाही. हा प्रकार उद्यापासून बंद.

सरांना कसं सांगायचं हा तुझा खरा प्रश्न असेल, तो तू पत्रात विचारला नाहीस. फी भरलेली, बाकीच्या मुली निमूट करतायत, आपणच कशाला तोंड उघडायचं? वाद घालायची गरज नाही. "सर, मांडी दुखावली आहे, मागून दाब नको, मी हळू पळत अंग मोकळं करते," एवढं पुरे. ते खरंच आहे, बहाणा नाही. तरी त्यांनी अडवलं, तर पंधरा मिनिटं आधी येऊन तुझं तू उरक आणि त्यांच्या स्ट्रेचिंगच्या वेळी गुडघे किंचित वाकवून, दुखणार नाही इतकंच वाक. मैत्रिणीला आधीच सांगून ठेव, हात नुसता ठेवायचा.

आता आईचं तेल. पहिल्या दोन-चार दिवसांत जोरात चोळलं असतं तर नुकसान झालं असतं, कारण आत तंतू तुटून रक्त उतरलेलं असतं. तीन आठवड्यांनी हलक्या हाताने चोळायला माझी ना नाही. बरं वाटतं, झोप लागते. फक्त दुखरी जागा अंगठ्याने रगडून "गाठ फोडायची" नाही, आणि तेल लावलं म्हणजे अंग गरम झालं असंही समजायचं नाही. ती ऊब कातडीपुरती असते.

चुलतभावाचं म्हणणं मात्र अर्ध्यावर पटतं. घाम निथळेपर्यंत पळून, शंभर बैठका मारून वॉर्मअप करणारी मुलं मीही मैदानावर पाहते, आणि ती खरंच स्टार्टलाच दमलेली असतात. जूनच्या उन्हात ग्राउंड लागलं तर लांबलचक वॉर्मअप घातकच, तिथे सावलीत सात-आठ मिनिटं खूप झाली. पण दहा-पंधरा मिनिटांच्या हलक्या हालचालीने दम जात नाही, उलट वाचतो. गार अंगाने ८०० मीटर सुरू केलं की पहिल्या दोनशे मीटरमध्ये फुप्फुसं आणि हृदय स्नायूंच्या मागणीला पुरे पडत नाहीत. ती उधारी शेवटच्या तीनशे मीटरमध्ये पाय जड करून वसूल होते. अंग आधीच चालू असेल तर ऑक्सिजन लवकर पोहोचतो आणि उधारी कमी होते. कोल्हापूरच्या तालमीत पैलवान पहाटे आधी फावड्याने हौद्यातली माती उकरतात, मग जोर-बैठका मारतात आणि त्यानंतर कुस्तीला लागतात. तिथे कुणी म्हणत नाही की माती उकरण्यात दम गेला.

तर मग काय करायचं? आधी चाल, झपाझप, मग हळू धाव, मिळून सहा-सात मिनिटं. शेजारणीशी बोलता येईल इतकाच वेग. मानेवर किंचित घाम आला आणि स्वेटर नकोसा वाटला की ओळखायचं, झालं. मग हलत्या अंगाने ताण द्यायचा. मैत्रिणीच्या खांद्याला धरून एक-एक पाय पुढे-मागे झोका दिल्यासारखा हलव, सुरुवातीला कमी उंचीपर्यंत, मग वाढवत, प्रत्येक पायाला दहा-बारा वेळा. नंतर पाय आडवा, शरीरासमोरून. मग लांब पाऊल टाकून खाली बसत बसत वीस-पंचवीस पावलं चाल. गुडघे उचलत जा, टाच मागे लावत ये. घोटे फिरव, खांदे फिरव. या साऱ्याला पाचेक मिनिटं लागतात. यात कुठेही थांबून, धरून ठेवायचं नाही.

यानंतरचा भाग सगळे गाळतात आणि मांड्या धरतात त्या तिथेच. हळू धावण्यातून थेट पूर्ण वेगात जायचं नाही. साठ मीटरच्या तीन-चार धावा घे. पहिली निम्म्याहून जरा जास्त वेगाने, दुसरी आणखी थोडी, शेवटची जवळजवळ पूर्ण. प्रत्येक धावेनंतर चालत परत. मग स्टार्ट. गोळ्याच्या दिवशीही हाच क्रम: मनगटं-खांदे-कंबर मोकळी करून पहिले दोन-तीन गोळे उभ्यानेच, हलके टाक. चार किलो म्हणजे फार नाही असं वाटतं, आणि मनगट तिथेच लचकतं.

सूर्यनमस्कार घालू का, असं कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून सांगून टाकते. सातारा जिल्ह्यातल्या औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी शंभर वर्षांपूर्वी ते शाळा-शाळांत नेले, आणि व्यायाम म्हणून ते उत्तमच आहेत. हळू धाव झाल्यावर चार-सहा सावकाश घाल. उठल्या उठल्या पंचवीस झपाट्याने नकोत, कमरेतून वाकण्याचं कारण वर सांगितलंच.

बसून, धरून ठेवण्याचं स्ट्रेचिंग सोडून दे असं मी म्हणत नाही. त्याची जागा पळणं संपल्यानंतरची. पळून झाल्यावर पाच मिनिटं चाल. धप्पकन खाली बसायचं नाही, पायांत उतरलेलं रक्त वर चढायला वेळ लागतो आणि घेरी येते. मग पोटऱ्या, मांड्या पुढून-मागून, प्रत्येकी वीस-तीस सेकंद, ताण जाणवेल पण दुखणार नाही इथपर्यंत. महिनोन्महिने केलं की लवचिकता वाढते. दुखरी मांडी यात सर्वात कमी ताणायची, सर्वात जास्त नव्हे.

आता तुझी मांडी. चालताना दुखत नाही आणि जोरात ओढ लागते, म्हणजे जखम भरत आलीय पण ताकद परतलेली नाही. याच टप्प्यावर "आता बरं वाटतंय" म्हणून पूर्ण वेगात पळणाऱ्यांची मांडी पुन्हा धरते, आणि दुसऱ्यांदा धरली की पहिल्यापेक्षा जास्त दिवस खाते. तेव्हा पहिला आठवडा शंभर मीटरला हात लावू नको. वॉर्मअप, हळू धाव आणि दुखणार नाही अशा निम्म्या वेगाच्या धावा. सोबत उताणं झोपून गुडघे वाकवून कंबर उचलायची, आधी दोन पायांवर, जमलं की एका पायावर. एक दिवसाआड, आठ-दहा वेळा, तीन फेऱ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मांडी कालच्यापेक्षा जास्त दुखत नसेल तरच वेग एक पायरी वाढव. दुखली तर एक पायरी खाली. कॅलेंडरपेक्षा या सकाळच्या हिशेबावर विश्वास ठेव.

ओढ पूर्ण गेली की एक व्यायाम सुरू कर, त्यात तुझी तीच जोडीदारीण कामाला येईल. जाड सतरंजीवर गुडघ्यांवर उभी राहा. तिने मागून तुझे दोन्ही घोटे घट्ट दाबून धरायचे. पाठ ताठ, कंबर न मोडता, अंग हळूहळू पुढे झुकवत न्यायचं, जितका वेळ मांडीच्या मागच्या स्नायूने पेलता येईल तितका. मग हात टेकायचे आणि हातांनीच ढकलून परत यायचं. पहिल्या दिवशी चार-पाच वेळाच, आठवड्यातून दोनदा. दुसऱ्या दिवशी मांड्या चांगल्याच अवघडतील, घाबरू नको. पळताना लगाम घालायचं जे काम वर सांगितलं, त्याचीच ही तालीम. फुटबॉलपटूंवरच्या अनेक अभ्यासांत हा व्यायाम करणाऱ्यांच्या मांडीच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. फिफा या फुटबॉलच्या जागतिक संघटनेने तयार केलेल्या वीस मिनिटांच्या वॉर्मअपमध्येही तो आहे. नॉर्वेतल्या १३ ते १७ वर्षांच्या मुलींवर तो वॉर्मअप एक हंगाम वापरून पाहिला, तेव्हा त्यांच्या एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशाने कमी झाल्या. २००८ साली हे प्रसिद्ध झालं. त्यात पळणं, उड्या, तोल, ताकद असं सगळं आहे, बसून वाकणं कुठेही नाही. पाहिजे तर हे सरांना दाखव. फिफाचं नाव ऐकून ते ऐकतील कदाचित, माझं ऐकणार नाहीत.

आणि ग्राउंडचा दिवस. तिथे घोळ वेगळाच असतो. पहाटे चारला गेटवर रांग, मग कागदपत्रं, उंची, चेस्ट नंबर, आणि त्यानंतर ओळीने मैदानात बसवून ठेवतात. एक तास, दोन तास. घरून निघताना केलेला वॉर्मअप तोवर विरून गेलेला असतो. डेन्मार्कमध्ये २००४ साली फुटबॉलपटूंवर झालेल्या अभ्यासात, मध्यंतराची पंधरा मिनिटं नुसतं बसून राहिलेल्यांच्या मांडीच्या स्नायूचं तापमान सुमारे दोन अंशांनी उतरलं आणि पुन्हा खेळायला उतरताना त्यांचा वेग कमी झाला. त्या वेळात हलकं पळत राहिलेल्यांचा वेग टिकला. पंधरा मिनिटांत हे, तर ओल्या गवतावर दोन तास बसल्यावर काय होत असेल बघ.

तेव्हा ट्रॅकपँट आणि जाड जॅकेट शेवटच्या क्षणापर्यंत अंगावर ठेव, खाली बसायला वर्तमानपत्र किंवा पोतं ने. बसल्या जागी पायाचे अंगठे-टाचा हलवत राहा, मांड्या आवळ-सोड. दर दहा मिनिटांनी "मॅडम, उभी राहू का?" म्हणून ड्यूटीवरच्या महिला पोलिसांना विचार. त्याही याच ग्राउंडवरून गेलेल्या असतात, सहसा नाही म्हणत नाहीत. उभं राहिलं की टाचा उचल, जागच्या जागी गुडघे उचल. तुझ्या आधीची बॅच पुकारली की खरा वॉर्मअप सुरू करायचा. जागा नसेल तर जागेवरच: दोन मिनिटं हळू जॉगिंग, पायांचे झोके, मग दहा-दहा सेकंद जोरात गुडघे उचलणं, मध्ये थोडी विश्रांती, असं तीन-चार वेळा. पंधरा-वीस मीटर मोकळी जागा मिळाली तर दोन छोट्या धावा. शंभर मीटर झाल्यावर ८०० साठी पुन्हा थांबावं लागलं तर जॅकेट पुन्हा अंगावर, आणि हाच प्रकार पुन्हा. हे सगळं घरी एकदा जसंच्या तसं करून बघ. मैत्रिणींसोबत तासभर मैदानात बसा, मग पाच मिनिटांत तयार होऊन पळा. किती वेळात अंग सुटतं ते प्रत्येकीचं वेगळं असतं.

८०० ला २० गुण, १०० मीटर आणि गोळ्याला १५-१५. महिन्याने मांडी पूर्ण भरलेली नसेल तर शंभरमध्ये दोन-तीन गुण सोडून बाकीच्या दोन्हींत ते भरून काढता येतात. शंभर मीटरमध्ये पुन्हा धरली, तर ८०० चे वीसच्या वीस जातात. दुखणं दबवायला ऐन वेळी गोळी किंवा इंजेक्शन घेऊन उतरणारी मुलं-मुली असतात. ते करू नको. दुखणं झाकलं जातं, स्नायू तितकाच कच्चा राहतो.

दोन आठवडे असं करूनही हळू धावताना ओढ लागत असेल, मांडीत खळगा जाणवत असेल, किंवा दुखणं कमरेतून निघून पायात उतरत असेल आणि मुंग्या येत असतील, तर पळणं थांबवून जिल्हा रुग्णालय गाठ. केसपेपर काढून आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखव आणि ते पाठवतील त्या फिजिओथेरपिस्टकडून मांडीची ताकद दोन्ही बाजूंनी तपासून घे.